दोन जिवांची तुलना कशावरून करावी?

महोदय,

ब्राझीलमधील वन्यजीवांविषयी लिहिताना ‘गोल्डन लायन टॅमरिन’ हे संकटग्रस्त माकड दुर्मीळ आणि ‘स्वॅलो-टेल्ड हमिंगबर्ड’ हा पक्षी विपुल, एवढे सांगून बहुतेक लेखक थांबतात. माझ्या मते ही तुलना संख्येपेक्षा जाण्यायेण्याच्या वाटेवरून व्हायला हवी.

जेमतेम नऊ ग्रॅम वजनाच्या या हमिंगबर्डला दाट जंगलाची गरजच नाही. विरळ झाडी, बागा, शहरातील फुलझाडे यांवर त्याचे भागते आणि जंगल तुटून कुरणे झाली तरी तो ती सहज ओलांडतो. सुमारे सहाशे ग्रॅमचे टॅमरिन मात्र फांद्यांवरून फिरणारे, रात्री झाडाच्या ढोलीत कुटुंबासह झोपणारे माकड आहे. उघड्या कुरणावर उतरणे ते शक्यतो टाळते, त्यामुळे रिओ दि जानेरो राज्यातील अटलांटिक जंगलाच्या सुट्या तुकड्यांत त्याचे कळप अडकून पडतात आणि पिढ्यानपिढ्या आपापसांतच वीण होते.

१९७०च्या दशकाच्या आरंभी या माकडांची संख्या सुमारे २०० उरली होती. १९७४मध्ये पोसो दास अंतास हे राखीव क्षेत्र झाले, १९८४पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडे जंगलात सोडण्यात आली आणि २०१४पर्यंत संख्या ३,७००च्या आसपास पोहोचली. त्यानंतर डासांमार्फत पसरणाऱ्या पीतज्वराच्या साथीने ती सुमारे २,५००वर आणली. साथ ओसरल्यावर ती पुन्हा वाढून ४,८००च्या घरात गेली, ही गोष्ट निश्चितच आनंदाची. परंतु आकडा वाढला म्हणून तुकडे जोडले गेले असे होत नाही. या जंगलातून जाणाऱ्या बीआर-१०१ महामार्गावर २०२०मध्ये माती टाकून, झाडे लावून प्राण्यांना पलीकडे जाता यावे म्हणून जो पूल तयार झाला, त्याचे मोल मला म्हणूनच कोणत्याही गणनेहून अधिक वाटते.

बागेत हमिंगबर्ड भिरभिरताना दिसला म्हणजे तेथील जंगल सावरले, असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे आहे, कारण जंगल नसतानाही तो तेथे असतोच.

आपल्या वृत्तपत्रात अशा प्राण्यांच्या गणनेच्या बातम्या देताना ते किती तुकड्यांत विखुरले आहेत आणि त्या तुकड्यांमध्ये काय आडवे येते, तेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक