गॅरेजात झाला तो 'मर्मर' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या 'मर्मर' या पहिल्या अल्बमवर लेख आला. सांगलीच्या पेपरात या बँडला एवढी जागा मिळावी, याचं अप्रूप आहेच. पण 'गॅरेजमध्ये केलेला अल्बम' हे चुकलं. गॅरेजात झाली ती 'क्रॉनिक टाउन' ही पाच गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमहून छोटी तबकडी: ऑक्टोबर १९८१, अमेरिकेतलं विन्स्टन-सेलम, निर्माता मिच ईस्टरच्या आईवडिलांचं गॅरेज. 'मर्मर' १९८३ च्या सुरुवातीला शार्लटच्या रिफ्लेक्शन साउंड स्टुडिओत ईस्टर आणि डॉन डिक्सन यांनी केला. त्या गॅरेजचा दाखला देत इथली पोरं दहा बाय बाराच्या खोलीत पहिला अल्बम उरकायला बसतात, म्हणून हे पत्र.

रेकॉर्ड कंपनीने आधी निर्माता स्टीफन हेगकडून 'कॅटपल्ट' हे गाणं करून घेतलं होतं. क्लिकवर (तालासाठी कानात वाजणारी टिकटिक) टेकमागून टेक, वरून सिंथेसायझर. बँडला ते मानवलं नाही. ईस्टर-डिक्सननी बिल बेरीचे ड्रम बंद बूथमध्ये घेतले. घुमणाऱ्या ड्रमची चलती असताना इथे स्नेअर ड्रम कोरडा लागतो आणि पीटर बकच्या गिटारीची सुटी तार न् तार ऐकू येते. 'वी वॉक'मधली गडगड म्हणजे बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज, टेप हळू चालवून घेतलेला. टेप निम्म्या वेगाने फिरली की आवाज दुप्पट लांबतो आणि एक सप्तक खाली जातो. संगणकावर पिच (सुराची उंची) लॉक ठेवून नुसतं ताणलं तर ही गंमत येत नाही.

आता आपली खोली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज साचतो. बास गिटारची सुटी 'ए' तार ५५ हर्ट्झची! म्हणून तेवढा एकच सूर अंगावर येतो. उपाय म्हणून लोक भिंतींना गोधड्या टांगतात. गोधडी वरचे सूर खाते, खालचे नाही. झांजा मेल्यासारख्या होतात आणि घूं तसाच राहतो. त्याला कोपऱ्यात किमान चार-सहा इंच जाडीचं रॉकवूल लागतं, मागे थोडी मोकळी जागा सोडून. मिक्स करताना खोलीच्या बरोबर मध्यावर बसणं ही त्याहून मोठी चूक. तिथे तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो, मग माणूस बास वाढवतो आणि गाडीत लावल्यावर दारं थरथरतात.

'मर्मर' बिलबोर्डच्या अमेरिकी क्रमवारीत ३६ व्या क्रमांकापर्यंतच पोचला, पण 'रोलिंग स्टोन'ने १९८३ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या वर ठेवला. गायक मायकल स्टाइपचे पुटपुटते शब्द हीच त्याची ओळख, असं लेखात सुचवलंय. आम्हाला ते अर्धंच पटतं. शब्द कळत नाहीत तिथेही बाकी प्रत्येक वाद्य जागच्या जागी आहे, आणि नेमकं तेच नक्कल करणाऱ्यांकडून सुटतं. मिरजेत जवारी लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. भोपळा कितीही चांगला असो, घोडीवर तार नीट टेकली नाही तर तंबोरा बोलत नाही.

इथल्या पोरांना एवढंच: बास डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल माइकशिवाय रेकॉर्डिंगला देणारी डबी) थेट घ्या, अँपचा माइक वेगळ्या ट्रॅकवर. दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ पडला तर एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून ऐका.

आपले,
सांगली-मिरजेतील काही ध्वनिमुद्रक व वादक