दादा, चार वाजता गाडी येईल

तीर्थरूप आई आणि दादांना शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, आज दुपारी चार वाजता बाळूची गाडी दारात येईल. लातूरला जायचंय. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांशी मी बोलले, ते आजच तपासणार आहेत. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर "सोयाबीन रानात पडलंय" म्हणाला असतात. मळणीला धाकटे काका थांबतील, त्यांनीच आपणहून सांगितलं. पैशाचंही बघितलंय. रागावू नका.

आई आज सकाळी बोलता बोलता सांगून गेली. काल चहा पिताना तुमचा डावा हात बधिर झाला, बशी सुटली, ओठाचा कोपरा जड पडला, शब्द अडखळले. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं, म्हणून तेल चोळून झोपलात. मांडी घालून बसल्यावर मुंग्या येतात ते वेगळं, शीर दबलेली असते, पाय मोकळा केला की जातं. मानेत शीर दबली तरी हाताला मुंग्या येतात. पण तोंड आणि हात एकाच बाजूनं एकदम बधिर होऊन बोलणं अडखळलं, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा घटकाभर अडला असावा, असं डॉक्टर म्हणाले. आपोआप बरं वाटलं तरी पुढचे काही दिवस लकव्याची भीती जास्त असते. वेळेवर औषध सुरू झालं तर ती बरीच टळते, म्हणून एवढी घाई.

तिथं काही अडचण पडणार नाही. खोली खालच्याच मजल्यावर मागितलीय, आई जवळच झोपेल, मावशी डबा आणेल, भाकरी ज्वारीचीच. मीही पुण्याहून निघतेय, पहाटेपर्यंत पोचते. योगेश्वरीच्या यात्रेत खांद्यावर बसवून याच हातानं माझे पाय घट्ट धरायचात ना दादा? या हाताला काही झालेलं मला सोसणार नाही.

तंबाखूची डबी मात्र घरीच ठेवायची. यात काही ऐकणार नाही.

आई, तुझंही रक्त तपासून घेणार आहे. चप्पल पायातून निसटते अन् तुला पत्ता लागत नाही, ते वयानं नाही गं. साखरेनं तळपायाच्या नसा मंदावतात, आणि तू साखरेसाठी घेतेस ती मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानंही मुंग्या येतात. गोळी मनानं बंद करू नकोस. पायावर ऊन पाणी घेण्याआधी कोपर बुडवून बघत जा.

आणि गाडी यायच्या आत दादांचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं कळेना, तर बाळूची वाट बघायची नाही, मलाही आधी फोन नको. 108 लाव. किती वाजता सुरू झालं ते घड्याळात बघून ठेव. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. तोंडात पाणी, गोळी काही घालू नकोस.

बीपीच्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद पिशवीत घे. दादांचा चष्मा देवळीत असेल, तोही.

तुमची,
सुमी