आप्पा, मी गाडी न्यूट्रलला टाकत नाही

अप्पर हट, न्यूझीलंड
रविवार

ती. आप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे. ड्यूटी, जेवणखाण, थंडी यांचं फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. हे पत्र मुख्यतः आप्पांसाठी. परवा मैत्रिणीने शेजारच्या सीटवरून व्हिडिओ कॉल लावला, घाटाच्या उतारावर इंजिनचा आवाज बंद झाला आणि तुम्ही फोन आईच्या हातात देऊन उठून गेलात. नंतर म्हणे जेवलाही नाहीत नीट.

आप्पा, मी न्यूट्रल टाकलं नव्हतं, गाडी बंदही केली नव्हती. ज्यांनी उभी हयात पसरणी घाटात एसटी चालवली त्यांची मुलगी आहे मी. ही हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. उतारावर पाय काढला की इंजिन आपसूक थांबतं, पण चाकं मोकळी सुटत नाहीत. ती मोटर फिरवतात, त्यातून वीज होते, ती बॅटरीत जाते आणि त्याच ओढीने गाडी आवरते. ब्रेक, स्टेअरिंग सगळं जागेवर असतं.

पुढचं तुम्हाला आवडेल. बॅटरी तशी लहानच. आमच्या रेमुटाका घाटाचा माथा ५५५ मीटरवर, आणि पलीकडच्या फेदरस्टन गावाच्या अंगाला वळणं एकाला एक लागून. निम्म्या उतारातच बॅटरी भरते. आता वीज ठेवायची कुठे? मग इंजिन एकदम गुरगुरायला लागतं. पेट्रोल जळत नसतं, ते नुसतं गाडीला अडवायला फिरतं. तेव्हा गिअरचा दांडा डीवरून, म्हणजे नेहमीच्या चालवायच्या जागेवरून, बीवर घ्यायचा. बी म्हणजे तुमचा खालचा गिअर समजा. माथ्यापासूनच बी लावलं तर साठणारी वीज थोडी वाया जाते, म्हणून आधी ब्रेकवर हलका पाय, बॅटरी भरत आली की बी. चढताना मात्र बॅटरीवरच चालवायचा हट्ट करायचा नाही. इंजिन ओरडतं, ओरडू द्यायचं, पाय एकसारखा ठेवायचा. चढात घसरलेलं अॅव्हरेज उतारात बरंच भरून निघतं. सगळं नाही, पण बरंच.

आई, पावसात शॉक वगैरे काही लागत नाही गं. प्लगही लावावा लागत नाही, पेट्रोलच टाकायचं. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जायची जाळी आहे, तिच्यासमोर पिशव्या रचायच्या नाहीत, एवढंच पथ्य. गाडी जपानहून आलेली जुनी आहे, चालू केली की बाई जपानीत काहीतरी बजावते. मी रोज ‘हो’ म्हणते.

आणि बर्फाने घाट बंद झाला तर मी येड्यासारखी निघत नाही. खालून रेल्वेचा ८.८ किलोमीटरचा बोगदा आहे, १९५५ पासून. त्याआधी १८७८ पासून गाड्या डोंगरावरूनच जायच्या, आणि उतरताना रुळांच्या मधोमध टाकलेला तिसरा रूळ ब्रेकने दोन्ही बाजूंनी आवळून धरायच्या. त्यातलं एक इंजिन फेदरस्टनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. आप्पा, तुम्ही आलात की दाखवीन.

इथली एक तऱ्हा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. घाटात आपल्यामागे दोन-तीन गाड्या साठल्या की आपणच डावीकडे व्हायचं. त्यासाठी रस्त्याला जागोजागी जास्तीची पट्टी काढलेली असते. मागचा हॉर्न देत नाही, दिवे मारत नाही, गपगुमान मागे राहतो. आपण बाजू दिली की तो पुढे जातो आणि मग हॉर्न वाजवतो, दोनदा, बारीकसा. मी आधी समजायची की शिवी दिली. चेहरा तापायचा माझा. तर तो ‘थँक्यू’ असतो! काम झाल्यावर हॉर्न. मोठे ट्रकवालेसुद्धा आपणहून बाजूला होतात आणि आपणही त्यांना तसंच पीप-पीप करायचं. न करता गेलं तर माणूस उर्मट ठरतो. आप्पा, पसरणीत कुणी असं केलं असतं तर तुम्ही गाडी आडवी लावून जाब विचारला असता, खरं की नाही?

आता पैशाचं. गाडी घेतली म्हणून घरचे कमी केले, असं काकू म्हणाल्याचं कानावर आलं. तसं नाहीये. हॉस्पिटल घाटापलीकडे, रात्रपाळीला ट्रेन नाही, गाडी लागतेच. या महिन्याचे आणि पिंकीच्या लग्नाच्या हॉलच्या अॅडव्हान्सचे मिळून मंगळवारी टाकते. गुडघ्याच्या ऑपरेशनचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावू नका, आणि आई, तारीख पुढे ढकलू नकोस. मी नाही म्हणून ढकलतेयस, कळतं मला. मावशी येते म्हणाली आहे ना, येऊ दे तिला.

पिंकीच्या लग्नाची तारीख डिसेंबरात धरली तर नाताळात इथे रजा मिळणं अवघड. मी अर्ज देऊन ठेवलाय. पण माझ्यासाठी मुहूर्त हलवू नका, आणि मोठीचं आधी असा हट्ट तर मुळीच नको. साताऱ्याच्या स्थळाला होकार-नकार काही कळवू नका, त्या मुलाशी मीच एकदा बोलते. नंबर पिंकीला पाठवायला सांगा, तुम्ही मधे पडू नका.

हॉलवाल्याला चेक पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच द्या, आधी नको. पावती पिंकीच्या नावाने घ्या.

तुमची,
मोठी