काकू, ते झाड अजून आहे

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून हे सगळं बोलायला गेले तर गळा दाटेल आणि अर्धं राहून जाईल. शिवाय टोमॅटोचं एखादं झाड मोडलं म्हणून जीव तुटणारी मी एकटीच नसेन. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांनी आजारी पडायच्या आधी लावलेल्या रोपांपैकी दोनच उरली होती. त्यातलं एक त्या रात्रीच्या वाऱ्यात बुंध्यापाशी मोडलं. सकाळी तुम्हाला फोन केला तो काही विचारायला नव्हता, नुसतं कुणाला तरी सांगायचं होतं. तुम्ही मात्र लगेच विचारलंत, "शेंडा ताठ आहे की माना टाकल्यात?" आणि पाऊण तासात दारात हजर.

मोडलेलं खोड तुम्ही उजेडात फिरवलंत. त्यावरचे बारीक उंचवटे मी कित्येक वर्षं बघत आले होते आणि काहीतरी रोगच असेल असं समजत होते. "ही मुळंच आहेत गं, अजून बाहेर पडलेली नाहीत एवढंच," तुम्ही म्हणालात. त्या वाक्यानंतर ते झाड मला मेलेलं दिसेना.

खोड आणि पान यांच्या बेचक्यातून येणारी बगलफूट मी नेहमी खुडून फेकून द्यायचे. तुम्ही त्यातल्याच पाच निवडल्यात, प्रत्येकी १० ते १५ सेंटीमीटरच्या. चाकू आधी धुऊन घेतलात, पेराच्या जरा खाली कापलंत, खालची पानं काढलीत. एकीवर फुलांचा घोस होता, तोही खुडायला लावलात. माझा हात थांबला तेव्हा म्हणालात, "मुळं नाहीत अजून. फुलं पोसायची कुणी?"

तीन पाण्यात, दोन ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. मुळं फुटायची पावडर आणू का विचारलं, तर टोमॅटोला तिची गरज नसते म्हणालात. दुसऱ्या दिवशी पाचही लोळलेल्या बघून मी पुन्हा फोन केला, आणि तुम्ही न कंटाळता समजावलंत: पानांतून पाणी उडतंय, ओढून घ्यायला मुळं नाहीत, म्हणून उन्हातून सावलीत घे आणि वरून पारदर्शक पिशवी सैल घाल. तिसऱ्या दिवशी शेंडे उभे राहिले. एक दिवसाआड पाणी बदलत होते. आठव्या दिवशी पेल्यात पांढरे धागे दिसले. कोकोपीटमधल्या उपटून बघायची फार इच्छा व्हायची, पण "उपटायचं नाही" हे तुमचं वाक्य कानात होतं.

मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते मात्र तुम्ही दिलेल्या नकाराचे.

दुसऱ्या झाडाची पानं वर वळून द्रोणासारखी झाली होती, कडा पिवळ्या, वाढ खुंटलेली. फांदी हलवली की पांढऱ्या माशा उडायच्या. मला त्याच्याही फुटी लावायच्या होत्या, बाबांचंच होतं ना तेही. तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. पानं अशी वळतात ती विषाणूमुळे, तो रसातच असतो, फांदीबरोबर नव्या रोपात जातो, त्यावर औषध नाही, आणि माशी तो शेजारच्या झाडांवर नेते. ते झाड उपटून पिशवीत बांधेपर्यंत तुम्ही माझ्याजवळ उभ्या होतात. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, काकू. तुम्हाला तो कळलाही असेल. तुम्ही मन राखायला हो म्हणाला असतात, तर आज माझ्याकडे एकही धड झाड नसतं.

आदल्या हंगामात बाबांनी आणि मी याच वाणाचं बी धरलं होतं. संकरित वाण, त्यामुळे पाच रोपांची पाच तऱ्हांची फळं आली. बाबा खट्टू झाले होते. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा म्हणालात, "बी म्हणजे त्याचं लेकरू. फूट लावलीस तर तेच झाड." हे मी कितीदा तरी मनात घोळवलं आहे. आता कुंडीत उभी आहेत ती बाबांच्या झाडासारखी झाडं नाहीत. ते तेच झाड आहे, त्यांनी हाताने मातीत दाबलेलं.

पाचातली चार जगली. कोकोपीटमधली एक कुजली, ओल जास्त झाली असावी. मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाल्यावर खोड खालच्या पानांपर्यंत मातीत पुरलं. पाण्यातली मुळं फार नाजूक असतात, म्हणून पहिले काही दिवस माती सुकू दिली नाही. मग सकाळचं तासभर ऊन, आठवडाभर रोज थोडं वाढवत. चौथ्या आठवड्यात कळ्या दिसल्या. बियांपासून केलं असतं, तर एवढ्यात कुठे रोपं लावण्याजोगी झाली असती.

तुम्ही स्वतःसाठी एकही फूट नेली नव्हतीत. परवा दोन नव्या कापून खिडकीतल्या पेल्यात ठेवल्यात, तुमच्यासाठी. रोगाचं काही नाही ना, पानं उलटून दोनदा बघितलं. मुळं दिसायला लागली की मीच घेऊन येते, कुंडी तेवढी भरून ठेवा.

तुमची,
मोडलेलं झाड घेऊन बसलेली शेजारीण