छोट्या चिपवरही ॲडा चालते

मा. संपादक,

कृष्णाकाठच्या मोटारी असोत की तासगावच्या द्राक्षबागांतले ठिबक, कंट्रोलरचा प्रोग्रॅम सी भाषेतच लिहायचा हे जणू ठरून गेले आहे. ॲडा या प्रोग्रॅमिंग भाषेचे नाव काढले की ‘तिचा रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणारा भाषेचा आधार-कोड) छोट्या चिपमध्ये मावत नाही’ हे उत्तर तयार असते. ते खरे नाही.

ॲडाचा प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या जीनॅट कंपायलरला पूर्ण रनटाइम लागतोच असे नाही. ‘ॲडाइन्क्लूड’ आणि ‘ॲडालिब’ असे दोन फोल्डर करावेत. पहिल्यात सिस्टिम पॅकेजची (चिपचे मूलभूत तपशील सांगणारी) फाइल ठेवावी. ती त्याच चिपसाठीची आणि त्याच आवृत्तीच्या कंपायलरची हवी, पीसीवरची उचलून चालत नाही. तिच्यात ‘कॉन्फिगरेबल रन टाइम’ ट्रू करून एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) एका फंक्शनमधून दुसऱ्याकडे पुढे जाण्यावर बंधन घालावे आणि कंपाइल करताना आरटीएस या, रनटाइम कुठला ते सांगणाऱ्या पर्यायात या फोल्डरचा पत्ता द्यावा. मग टास्क, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे, मिळत नाहीत. लांबी आधी ठाऊक नसलेली स्ट्रिंग परत देणारे फंक्शनही नाही, कारण त्याला सेकंडरी स्टॅक, म्हणजे अशा किमतींसाठीची वेगळी जागा, लागतो. कंट्रोलरला त्यांची फारशी गरज नसते.

खरी अडचण लिंक करताना, म्हणजे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवताना येते. प्रमाण लायब्ररी वगळणारा ‘नोएसटीडीलिब’ पर्याय दिला की लिबजीसीसी ही कंपायलरची मदतनीस लायब्ररीही सुटते आणि कॉर्टेक्स-एम० या छोट्या प्रोसेसरमध्ये भागाकाराची सूचनाच नसल्याने साधा भागाकार अडतो. ती लायब्ररी वेगळी जोडावी. मेमकॉपी (मेमरीतला डेटा दुसरीकडे नकलणारे फंक्शन) स्वतः लिहावी लागते, पण कोड वेगवान करणारा कंपायलरचा ऑप्टिमायझर तिच्यातला लूप ओळखून तिथे मेमकॉपीचीच हाक घालतो आणि ती स्वतःलाच बोलावत राहते. लूप ओळखण्याचा तो पर्याय त्या फाइलपुरता बंद करावा. चिप सुरू होताच चालणाऱ्या स्टार्टअप कोडने ॲडाइनिट हे सुरुवातीची तयारी करणारे फंक्शन बोलावले नाही, तर पॅकेजमधल्या काही व्हेरिएबलना सुरुवातीच्या किमती मिळतच नाहीत. ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते.

प्रोग्रॅम चालताना ॲडा किमती मर्यादेत आहेत का हे तपासते; जागा वाचवण्यासाठी या तपासण्या बंद करू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. त्यांच्यासाठीच तर ॲडा घ्यायची. मर्यादा ओलांडली की प्रोग्रॅम ‘लास्ट चान्स हँडलर’ या शेवटच्या उपायाच्या फंक्शनमध्ये जातो. तो आपणच लिहायचा आणि तिथून परतायचे नाही. आधी मोटारीचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडावा, मग बिघाडाची खूण रीसेटनंतरही टिकेल अशा जागी ठेवावी. नाहीतर प्रोग्रॅम अडकल्याचे पाहून वॉचडॉग टायमर चिप पुन्हा सुरू करतो आणि तीच मोटार परत चालू होते.

जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे प्रात्यक्षिकात घ्यावे. ० ते १०० मर्यादेच्या व्हेरिएबलमध्ये मुद्दाम १०१ घालून रिले सुटतो का, हे विद्यार्थ्यांना पाहू द्यावे.

– एक एम्बेडेड प्रोग्रॅमर, विश्रामबाग, सांगली