खोतीगावला जाण्याआधी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन येणार आणि हॉटेल सोडून खोतीगावला वनखात्याच्या कॉटेजमध्ये राहणार, हे ऐकून फार बरं वाटलं. गोव्यात काणकोणला येणारे बहुतेकजण पाळोळेच्या किनाऱ्यावरच अडकतात. हमरस्ता सोडून थोडं आत वळलं की १९६८ पासून राखलेलं सुमारे ८६ चौरस किलोमीटरचं खोतीगाव अभयारण्याचं रान आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

सरकारी खोली आहे, चैन शोधू नका. उजाडायच्या आत मचाणावर जाऊन गप्प बसा. गवा दिसेलच असं नाही, शेकरू मात्र बहुतेक दिसेल. अभयारण्यात वेळीप-कुणब्यांची, म्हणजे इथल्या आदिवासींची, घरं आहेत. त्यांच्या अंगणात न विचारता शिरू नका, फोटो तर नकोच. बूट झाडल्याशिवाय घालू नका.

आता माझ्या मनातलं. एक संध्याकाळ गालजीबागच्या किनाऱ्याला द्या. सुरूच्या बनाखालची ती वाळू अजून बरीचशी मोकळी आहे, म्हणून तर ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला तिथं येते. मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस वाळूची ऊबच अंडी उबवते, आणि नर की मादी हेही त्या उबेवरच ठरतं. पिल्लं बहुधा रात्री बाहेर येतात आणि जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. मागे दिवे लागले की ती उलटी, माडांकडे चालू लागतात आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात.

म्हणून बाय, तिथं टॉर्च नको, मोबाईलचा फ्लॅश नको, शेकोटी तर नकोच नको. मैत्रिणींना हे आधीच समजावून सांग, वाळूत उभं राहून वाद नको. वनखात्याच्या राखणदारांना विचारल्याशिवाय अंधारात किनाऱ्यावर उतरू नका. जाळी लावलेल्या घरट्यापासून लांब राहा. कासव दिसलं नाही तर हिरमुसू नका. पूर्वी किनाऱ्यावरच्या गावांत ही अंडी खाल्ली जायची. पुढे उत्तर गोव्यातल्या मोरजीसारख्या गावांतले लोकच रात्र रात्र जागून ती राखू लागले. त्या माणसांचं मला अतोनात कौतुक वाटतं. त्यांच्या जागरणावर आपल्या हौसेपायी पाणी पडू नये, एवढंच मागणं.

अभयारण्याचं गेट किती वाजता बंद होतं आणि जेवणाची सोय काय, हे बुकिंग करतानाच विचार. रानात नेटवर्कचा भरवसा धरू नकोस, निघताना फोन कर. बाबांनी मच्छरदाणी काढून ठेवली आहे. पेजेला उकडे तांदूळ आणि लोणचं बांधून देते.

तुझी आई