फाशीच्या कैद्याला पत्र का लिहावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना धीराची पत्रे लिहिणे म्हणजे ‘खुन्यांचे लाड’, असे मत आपल्या पत्रसदरात वाचले. दापोली परिसरातील आम्ही काही निवृत्त शिक्षक अशी पत्रे लिहितो, म्हणून हा खुलासा. राज्यात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर येथेच असल्याने आमची पत्रे घाट चढून तिकडे जातात.

पत्राने शिक्षा कमी होत नाही आणि तसा आमचा हेतूही नाही. प्रश्न आहे तो मधल्या काळाचा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींना २००१ साली फाशी सुनावली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली, दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला आणि अखेर विलंबाच्या कारणावरून उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. त्यांचा गुन्हा आठवला की आजही अंगावर काटा येतो. पण आज काय निरोप येतो, या धास्तीत वर्षानुवर्षे काढणे ही शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

पत्रात खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, सुटकेची खोटी आशा दाखवायची नाही आणि उपदेश तर मुळीच करायचा नाही, हे आम्ही पाळतो (शिक्षकी पेशात जन्म गेलेल्यांना यातले शेवटचे सर्वांत जड जाते). मी हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावाबद्दल लिहितो: होड्यांवरची मासळी आणायला पाण्यात शिरणाऱ्या बैलगाड्या, वाळूत मांडलेले सुरमई-पापलेटचे वाटे, भावावरून चाललेली हुज्जत. तुरुंगाधिकारी प्रत्येक पत्र उघडून वाचतात, तेव्हा त्यांनाही ते वाचायला मिळते.

ज्यांचे माणूस गेले त्यांना कोण लिहितो, हा त्या वाचकांचा सवाल मात्र रास्त आहे. त्यांनाही जरूर लिहावे; एकाला लिहिल्याने दुसऱ्यासाठीची शाई संपत नाही.

टपालाच्या दिरंगाईने काय होते, हे आपण पाहिलेले आहे. अफझल गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये फाशी झाली आणि तिची पूर्वसूचना देणारे स्पीड पोस्ट काश्मीरमधील त्याच्या घरी त्यानंतर दोन दिवसांनी पोहोचले. पुढे जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्याची सूचना आणि प्रत्यक्ष फाशी यांत किमान १४ दिवसांचे अंतर बंधनकारक केले आणि कुटुंबाची अखेरची भेट घडवून आणण्यासही सांगितले. परंतु ज्याच्या भेटीला येणारे घरचे कोणी उरलेलेच नाही, त्याच्या हाती निदान एखादे पत्र तरी वेळेत पडावे. म्हणून कारागृह विभागाला विनंती आहे की, अनोळखी व्यक्तींच्या पत्रांविषयीचे नियम सोप्या मराठीत जाहीर करावेत, तपासणीत आक्षेपार्ह न ठरलेले पत्र किती दिवसांत कैद्याला द्यायचे याची मुदत ठरवावी आणि नाकारलेले पत्र कारण नमूद करून परत पाठवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, दापोली (जि. रत्नागिरी)